चौथी रांग

झुंबरबाई पहिलीच्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली ती भांडायच्या तयारीनंच.

"मॅडम, आमच्या चैतालीचा दाखला द्या. आत्ताच्या आत्ता."

पल्लवी मॅडम फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. भोवती एकोणीस पोरं आणि मधोमध कांद्यांचा ढीग. म्हणजे कामावरच्या बाया सांगत होत्या ते खरंच होतं! व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडून गोण्यांत भरण्यात झुंबरबाईची तीस वर्षं गेली होती. नातीच्या बोटांना तो वास लागू नये म्हणून तिनं तिला शाळेत घातलं, आणि शाळेनं काय केलं, तर घरून दोन-दोन कांदे मागवून पोरांना निवडायलाच बसवलं. आगीतून निघून फुफाट्यात!

"कांदेच निवडायचे तर माझ्यासंगं काय वाईट होती ती? ओझरला इंग्लिश शाळा हाय, गाडी फाट्यावर येती. तिथली पोरं धडाधड पाढे म्हणत्यात. इथं निस्ता खेळ!"

"आजी, दाखला कुठं पळून जात नाही. एवढा डाव होऊ द्या, मग बोलू," मॅडम म्हणाल्या.

झुंबरबाई काही बसली नाही. कामावरून तशीच उठून आली होती. खांद्यावरची कांद्याची फोलपटं झटकायचंही तिला भान नव्हतं.

फरशीवर खडूनं चौकटींच्या तीन रांगा आखल्या होत्या. मोठे, मध्यम, लहान. एका चौकटीत एक कांदा, आणि कुठली रांग लांब होते ते बघायचं. पोरं हमरीतुमरीवर येऊन कांदे ठेवत होती. चैतालीची पाळी आली. तिनं एक भलामोठा कांदा उचलला, उलटापालटा केला आणि रांगेत ठेवायचं सोडून मॅडमच्या हातातला खडूच घेतला. तिन्ही रांगांच्या खाली एक नवी चौकट काढली आणि कांदा तिच्यात ठेवला.

"ए, तो मोठा हाय! मोठ्यात टाक," शेजारचा राकेश ओरडला.

तो जोडकांदा आहे हे झुंबरबाईला दारातूनच दिसलं होतं. पण सांगितल्या रांगा तीन आणि कार्टीनं काढली चौथी! खळ्यावर असा आगाऊपणा केला असता तर मुकादमानं सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आता पोरीला चांगलीच बोलणी बसणार!

मॅडमनी चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "का गं?"

चैतालीनं डोकं खाजवलं. छताकडं पाहिलं. मॅडम थांबून होत्या. एक शिकलेली बाई सहा वर्षांच्या पोरीच्या उत्तरासाठी एवढी थांबते, हे झुंबरबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"हा एक नाय," चैताली शेवटी म्हणाली. "आत दोन लहान हाय. मग मोठ्यात कसा टाकू?"

"कापून दाखव," राकेश म्हणाला.

"कापायचं काय काम? लोळवून बघ ना."

तिनं मोठ्यांच्या रांगेतला एक कांदा ढकलला. तो गडगडत पार भिंतीला जाऊन लागला. मग तिनं आपला ढकलला. तो एकदा कलंडला आणि जागच्या जागी बसला. पोरांनी एकच गलका केला.

"तुला हे कुणी सांगितलं? आजीनं?" मॅडमनी विचारलं.

"नाय. आजी नुसता हातात घेते अन् फेकते. मी सकाळपासून खेळून ऱ्हायले ना, तवा कळलं."

झुंबरबाई आत आली. जोडकांदा तिच्या बोटांना डोळे मिटूनही कळायचा. पण तो लोळत नाही, हे तीस वर्षांत तिच्या ध्यानात आलं नव्हतं. कांदा लोळवून बघायला तिला सवड कोण देणार होतं? तिनं ढिगातून दुसरा जोडकांदा बरोबर हुडकून काढला आणि फरशीवर ढकलला. कलंडला, बसला. तिला एकदम हसू फुटलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. माझी नात, तिला वाटलं, ही माझी नात.

मॅडम उठल्या. "मग आजी, दाखला लिहायचा का?"

झुंबरबाईनं पोरांमध्ये सरळ फतकल मारली.

"लाखो कांदे गेले माझ्या हातून, मॅडम. 'का?' म्हणून कुणी एकदाबी इचारलं नाय." तिनं चैतालीकडं बोट केलं. "हिला आणखी इचारा. मी ऐकते."