खुन्याचं घर

वामनरावांनी खुन्याच्या घरात पाऊल टाकलं, ते चपला बाहेर काढून.

"बाबा, चपला राहू द्या. हा सेट आहे," चारुशीला म्हणाली.

वामनराव ऐकणारे नव्हते. तेहतीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस. घर म्हणजे घर, मग ते सदर भागातल्या भाड्याच्या गोदामात प्लायवूड ठोकून उभं केलेलं का असेना.

ते आले होते पोरीचं काम सोडवायला. कळमेश्वरचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलाचं घर ते आणि त्यांचे भाऊ पाहून आले होते. मुलीनं घर पाहायला जायची रीत नव्हती, आणि मुलीच्या आईला कोणी विचारलंही नव्हतं. मुलाकडच्यांची अट एकच: हे टीव्हीवाल्यांकडचं सेट उभारायचं काम बंद. चारुशीला महिनाभर भांडली. शेवटी तिनंच तोड काढली. बाबांनी एकदा येऊन तिचं काम डोळ्यांनी पाहावं, मग ते म्हणतील तसं. शब्द देताना ती जरासुद्धा घाबरली नाही. आपलं काम चोख आहे, हे तिला ठाऊक होतं.

काम होतंच तसं. दिग्दर्शक केशव तेरा भागांची गुन्ह्यांची मालिका करत होता. चौथ्या भागात एक बाई विहिरीत सापडते. नवरा भला माणूस. व्यसन नाही, गल्लीत कोणाशी भांडण नाही, आवाज चढवत नाही. इन्स्पेक्टर घरात येतो, चार भिंती पाहतो आणि ओळखतो की ढकलणारा हाच.

"शितावरून भात ओळखावा, तसं घरावरून माणूस," केशवनं सगळ्यांना बजावलं होतं. "नवरा काहीच बोलणार नाही. जे बोलायचं ते घर बोलन."

चारुशीलेनं घराला बोलतं केलं. बैठकीत खुर्ची एकच, आणि तिचं तोंड दाराकडे, म्हणजे कोण आलं, कोण गेलं ते बसल्या जागी कळावं. बाईचा पाट स्वयंपाकघराच्या दाराआड. तिथून नवऱ्याचं ताट दिसतं, खिडकी दिसत नाही. फळीवर रेडिओ, त्यावर विणलेला रुमाल, आणि रेडिओचं बटण गायब. ते रोज नवऱ्याच्या खिशातून कचेरीत जातं. एका दुपारात तिनं हे सगळं मांडलं, कागदावर एक रेघ न ओढता. "हे सुचते कुठून तुले?" केशवनं विचारलं होतं. "डोकं लागते त्याले," असं म्हणून ती ऐटीत हसली होती.

आता वामनराव त्या घरात हिंडत होते. त्यांनी टोपी काढली आणि न पाहताच हात मागे नेऊन खुंटीला अडकवली. खुंटी बरोबर तिथेच होती. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पाय लांब केले. बाबांचा चेहरा इतका खुललेला पोरीनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मागून मीराबाई आल्या, चारुशीलेची आई. बसा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नाही, जागाही दाखवली नाही. त्या सरळ दाराआड गेल्या आणि पाटावर बसल्या.

चारुशीलेनं खुर्चीकडे पाहिलं, मग पाटाकडे. डोकं कसलं अन् काय! ज्या घरात ती लहानाची मोठी झाली, तेच तिनं खिळे ठोकून इथं उभं केलं होतं. आणि तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"वा!" वामनराव म्हणाले. "मले वाटलं, नाचगाणं असन. हे तर शिस्तीचं घर आहे. घर असावं तर असं! अन् सांगू का चारू, कळमेश्वरचं घर सेम टू सेम असंच आहे. म्हणून तर मी पाहताच हो म्हटलं. काम पाहिलं तुयं, झ्याक आहे. आता ते सोड अन् तिथं नांदाले जा. तुले काही नवं शिकाच लागणार नाही."

शब्द दिलेला होता. चारुशीलेनं केशवकडे पाहिलं. त्या बिचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"काका, हे खुन्याचं घर आहे," तो म्हणाला. "बायकोले विहिरीत ढकलते, त्या माणसाचं."

वामनराव खो खो हसले. ते रागावले नाहीत. इतकी खात्री असलेला माणूस कशाला रागावेल?

"बाबू, तुया लिहिणारा चुकला गा! अशा घरचा माणूस कोणाले ढकलत नाही. स्टँपपेपरवर लिहून देतो. तीस वर्षं झाली लग्नाले, मी हिले बोट लावलं नाही. विचार, विचार हिले."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मीराबाई पाटावरून उठल्या आणि उजेडात आल्या. चार माणसांत त्या कधी बोलत नसत. आज मात्र त्यांनी पदर खोचला आणि थेट केशवकडे पाहिलं.

"खरं आहे यायचं म्हणणं," त्या म्हणाल्या. "त्यानं नसन ढकललं. तिची तीच गेली असन. मी दोन डाव विहिरीच्या काठावरून वापस आली, ह्या पोरीपायी. म्हणून सांगून राहिली, माही चारू त्या घरात जाणार नाही."