चॅम्पियनचा सत्कार

आमच्या गल्लीतल्या अमरेशनं राज्याची सायकलची रोड रेस मारली, पण शेवटची रेषा ओलांडताना पडला आणि मागचं चाक पार चेपलं. नॅशनल आठ दिवसांवर. नवं चाक न्हाय तर जाणं न्हाय. मंडळाचं अध्यक्ष बाळाप्पा अण्णा म्हणालं, “काळजी करू नगंस. रविवारी सत्कार करतो, तिथंच चाक देतो.”

रविवारी फेटा झाला, हलगी झाली. तासभर भाषण झालं, त्यात सायकल हा शब्द एकदाबी आला न्हाय. मग अण्णांनी अमरेशच्या खांद्यावर ही एवढी चांदीची गदा ठेवली.

“अण्णा, मी पैलवान न्हाय. चाकाचं काय?”

“येडा हैस काय रं? कोल्हापुरात चॅम्पियनला चाक दिलं तर लोकं हसतील की!”

फोटो निघालं. एका खांद्यावर गदा, दुसऱ्यावर सायकल घिऊन अमरेश स्टेजवरनं उतरला, तवर अण्णा माईकवरनंच वराडलं, “अमऱ्या, गदा जपून ठेव. फिरती हाय ती, वर्सानं परत आणून द्यायची!”

अमरेश वळला.

“फिरती हाय व्हय? मग झालं की काम, अण्णा. मागच्या चाकाच्या जागी हीच बसवतो.”