कपाटातला रात्रीचा बाजार

"मान हलवू नका, दिग्नाबाई!" भिंतीतल्या भोकातून चित्रकार लिंडेमान ओरडला.

दिग्नाने मान आवरली. बाहेर हेग शहरात भर दुपार होती. आत मात्र रात्रीचा बाजार. मोठ्या कपाटाएवढी काळी खोली, पुढ्यात मासळीची फळी, फळीवर कंदील, आणि छताच्या निळ्या काचेतून उतरणारं चांदणं. शहरात नुकताच आलेला लिंडेमान पलीकडे उजेडात बसून भोकातून बघायचा आणि रंगवायचा. त्याच्या सगळ्या रात्री अशा दिवसाढवळ्या तयार होत.

फळीसमोर, गिऱ्हाईक म्हणून, पिंपं बनवणारा कोबुस उभा होता. "साहेबांनी मलाही बोलावलंय," एवढंच तो पहिल्या दिवशी म्हणाला होता.

"मासा कालचा दिसतोय," तो पुटपुटला.

"तूही कालचाच आहेस. मी नाक मुरडलं का?"

"भाव काय?"

"तुला झेपणार नाही."

"माशाचा विचारतोय, बाई."

"मग मी काय माझा सांगतेय?"

कोबुस हसला. कंदिलाची ज्योतही हलली. पलीकडून पुन्हा ओरडा आला.

दिग्ना मासळीबाजारातली विधवा. वजनाला पक्की, आणि माणसंही तशीच तोलणारी. कोबुसला तिने फिरवून फिरवून तोललं होतं. दर वेळी पारडं त्याच्याच बाजूला झुकायचं. पण गडी तोंड उघडेल तर ना! चित्र आज पुरं होणार होतं. मग तो त्याच्या पिंपांकडे, ती तिच्या टोपलीकडे. आपणच लग्नाचं विचारावं, तर सगळा बाजार नाताळपर्यंत हसला असता.

"झालं!" लिंडेमानने दार उघडलं.

कोबुसचा चेहरा पडला. "इतक्यात? खवले नीट उतरलेत का बघा की, साहेब."

"तुला रे काय कळतं खवल्यातलं?" म्हणत दिग्ना चित्रापुढे गेली.

चंद्र होता. कंदील होता. मासळी चांदीसारखी लखलखत होती. तिच्या चेहऱ्यावरची बरीच वर्षं लिंडेमानने उदारपणे माफ केली होती. फळीसमोरची जागा मात्र रिकामी.

"अहो, गिऱ्हाईक कुठंय?"

"गिऱ्हाईक मी मागितलं कधी?" लिंडेमान ब्रश पुसत म्हणाला. "बायकोला अंधाऱ्या खोलीत एकटीला बसू देणार नाही, म्हणून तुमचे यजमानच हटून बसले होते!"