आजारातला हिस्सा

गोकुळ वाचला. हे तूर्त विसरून जाऊ, कारण उस्मानपुऱ्यात डॉक्टरांसमोर बसला तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं. वडिलांना स्किझोफ्रेनिया होता, आपल्यालाही नसलेले आवाज ऐकू येणार या धास्तीनं वीस वर्षं तो कुकरच्या प्रत्येक शिट्टीला आईला विचारायचा, “वाजली ना?” डॉक्टर म्हणाले, “वडिलांना असला तरी शंभरातल्या साधारण नव्वद मुलांना होत नाही. तुमची तर चाळिशी उलटली; धोका फारच थोडा उरलाय.” गोकुळचा जीव भांड्यात पडला. तरी तो म्हणाला, “तेवढाही नको.” गोळ्यांनी ठणठणीत झालेले वडील शेजारून म्हणाले, “शेत पाह्यजे अन् आजार नको? सातबारा एकच हाये.” घरी शिट्टी वाजली. त्यानं विचारलं नाही. आईच सवयीनं “वाजली” म्हणाली. त्यानं तलाठ्याला अर्ज लिहिला: ‘वडिलांच्या शेतातील माझा हिस्सा कायम ठेवून आजारातील तेवढा कमी करावा, ही नम्र विनंती.’