नातवासाठी मोलॅरिटी

रसायनशास्त्र शिकवण्यात उभी हयात घालवलेले सर रोज दुपारी विद्यार्थ्यांच्या शंका सोडवणाऱ्या केंद्राला फोन लावत. "अहो ताई, नातवाला शिकवायचंय, पण ती मोलॅरिटी काही माझ्या डोक्यात शिरत नाही." नातू अजून जन्माला यायचा होता; मुलाच्या लग्नाचाही पत्ता नव्हता. पण घरात बोलणारा एकटा फ्रीज, आणि त्याचंही एकच वाक्य.

पलीकडची मुलगी न कंटाळता सांगे, "आजोबा, एक लिटर द्रावणात किती मोल विरघळलेत, एवढंच बघायचं." सर "अस्सं होय!" म्हणत आणि दुसऱ्या दुपारपर्यंत इमानेइतबारे विसरून जात.

त्या दिवशी ती म्हणाली, "मोलॅरिटी सारखी असली की सोपंच हो. वीस मिली सल्फ्युरिक ॲसिड उदासीन करायला वीस मिली कॉस्टिक सोडा पुरतो."

सरांच्या हातात खडू असता तर मोडला असता. गप्प बसावं, तर ही चूक शेकडो पोरांच्या पेपरात जाणार. बोलावं, तर उद्यापासून दुपार फ्रीजबरोबर.

"चाळीस लागेल, बाळ," ते शेवटी म्हणाले. "या ॲसिडचा एक मोल दोन मोल हायड्रोजन आयन देतो. म्हणून सोडा दुप्पट."

आता ती फोन ठेवणार असं समजून सर मोबाइल खाली ठेवू लागले.

"सर," आतून आवाज आला, "उद्या जरा लवकर फोन कराल का? पीएचच्या बाबतीतही माझी बोंबच आहे."