भर दुपारचं धुकं

“आज एवढं धुकं कसं पडलं गो?” कमळूनं बायकोला विचारलं, आणि जिवलीचे पिठाचे हात परातीतच थांबले. दुपार झाली होती. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं.

पुतण्या रविंद्रनं चुलत्याला जीपमध्ये घातलं आणि गाडी थेट शहापूरच्या सरकारी दवाखान्यात आणली. डॉक्टर रविना आटगावची, नव्यानंच लागलेली. तिनं कमळूच्या डोळ्यांत बॅटरी मारली, त्याला लागलेली धाप पाहिली आणि विचारलं, “काका, काल काय प्यायलात?”

कमळूनं आधी जिवली कुठं आहे ते चाचपडून पाहिलं. ती दिसत नव्हती, पण जवळच असणार, एवढं त्याला संसारानं शिकवलं होतं. तरी सांगावंच लागलं.

गावात दारू बंद होती आणि ती जिवलीनंच बंद केली होती. बायकांचा गट घेऊन तिनं भट्ट्या फोडल्या होत्या. काल शेजारी हळद होती. गावातली पहिली कोरडी हळद. बेंजो वाजत होता, पण नाचणाऱ्यांचे पाय उचलत नव्हते. कमळू सुतार, दारं-चौकटींना पॉलिश करणारा. लाख विरघळवायचं स्पिरिट त्याच्याकडे असायचंच. त्यानं ते लिंबाच्या सरबतात ओतलं. बाकीच्यांनी वास घेऊनच नाकं मुरडली. कमळूला त्या वासाची सवय होती. रोज नाकात जातं, एकदा पोटात गेलं तर काय बिघडतं, असा त्याचा सरळ विचार.

सांगता सांगताच त्याला गुंगी आली. रविना जिवलीकडे वळली. “काकी, डोळे जातील. कदाचित जीवपण.”

यावरचं खास औषध दवाखान्यात नव्हतं. ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात रक्त गाळणारं मशीन होतं, पण तिथं पोचेपर्यंत विष थांबणार नव्हतं. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला रविनानं रसायनांचा विषय शिव्या घालत पाठ केला होता. पेशंटला या नावांचा काय उपयोग, असं ती मैत्रिणींना म्हणायची. आज त्यातलंच एक पान तिला लख्ख आठवलं. तिनं ठाण्याला फोन लावला. तिथले मोठे डॉक्टरही तेच म्हणाले.

“काकी, दारू लागेल. दुकानातली, सीलबंद.”

जिवलीला वाटलं, पोरगी थट्टा करते.

“थट्टा नाय. स्पिरिट पोटात गेलं की आपलं लिव्हर ते दळतं, आणि त्या पिठाचं विष होतं. गिरणी एकच आहे. दारू आली की ती आधी दारूच दळायला घेते. म्हणून तिला दारू देत राहायची. स्पिरिट न दळता तसंच राहतं, मग मशीननं बाहेर काढता येतं. पण हे घरी कोणी करायचं नाय. मापानं, नळीतून, आमच्यासमोरच.”

“म्हंजे मीच त्यांना दारू आणून द्यायची?”

“आज तुमीच.”

“मी आणतो काकी,” म्हणत रविंद्र उठला. जिवलीनं त्याला खाली बसवलं.

“तू बस. पुरुषाच्या हातात बाटली दिली तर ती दवाखान्यात पोचंल का नाय, सांगता येत नाय.”

ती स्वतः गेली. शहापूरच्या भर बाजारात, दारूच्या दुकानासमोर, डोक्यावर पदर घेऊन रांगेत उभी राहिली. पुढचे दोघे तिच्याच गावचे निघाले. तिला बघताच धाड आली समजून ते पसार झाले, त्यामुळे नंबर लवकर लागला. “आजाऱ्याला पायजे. चांगली दे,” असं तिनं दुकानदाराला सांगितलं. दारूवर तिचा जन्माचा राग होता. माणसावर कधीच नव्हता. उद्या तो माणूस आंधळा होऊन ओटीवर बसलाय, आणि आपण त्याच्या हातात ताटातला घास देतोय, एवढंच तिला दिसत होतं.

ॲम्ब्युलन्समध्ये रविना सोबत बसली. पाण्यात मिसळलेली दारू नाकातल्या नळीतून मापानं जात राहिली. बाटली जिवलीनं धरली होती. खड्डा आला की ती आधी बाटली सावरी, मग नवऱ्याला. रविनाला अशातही हसू आलं, ते तिनं मास्कमध्ये दाबलं.

ठाण्यात मशीन लावलं. रात्र सरली. सकाळी कमळूचा श्वास संथ झाला आणि नळी निघाली. उरलेली बाटली मात्र जिवलीच्या हातातच होती. खाली ठेवावी, तर वॉर्डात सगळे पुरुष. ओतून द्यावी, तर डॉक्टरनं अजून तसं सांगितलेलं नाही.

कमळूनं डोळे उघडले. रविना त्याच्यावर वाकली. “काका, दिसतं का काही?”

जिवली खाटेच्या पायथ्याशी उभी होती. देवाचं नावही तिला सुचेना.

कमळूनं पायथ्याकडे पाहिलं. डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. त्याचं तोंड उतरलं. रडवेल्या आवाजात तो म्हणाला, “काय सांगू बाय, गेलेच माझे डोळे. आमची जिवली दारूची बाटली घेऊन उभी दिसते.”