तीन लांब, दोन आखूड

आर्विडने उजव्या स्पीकरला कान लावला, मग डाव्याला, आणि मोठ्या समाधानाने सरळ उभा राहिला.

"मेलाय हा. तुझा डबा सुरूच झालेला नाही, ग्वेन."

"सुरू आहे, मामा. दिवा बघा ना."

"दिव्याचं काय घेऊन बसलीस! आवाज कुठाय?"

आर्विड पन्नास वर्षं स्वतःच्या हातांनी अँप्लिफायर बांधत आला होता. एकेक इतका जड, की उचलायला दोघे लागत. वर काचेच्या व्हॉल्व्हची रांग, आणि बटण दाबलं की तळघरभर पसरणारी बारीक, खर्जातली घूं. घूं आली म्हणजे यंत्र जागं झालं, हा त्याचा हिशेब. ती घूं नाही, ऊब आहे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. भाचीने बांधलेला हा डबा मात्र पावापेक्षा मोठा नव्हता. यात संगीत अगदी शेवटच्या तारेपर्यंत निव्वळ आकड्यांत राहतं आणि स्पीकरच्या दाराशी येऊन आवाज होतं, हे ग्वेनने त्याला तीनदा समजावलं होतं. आकडे ऐकून कुणाचं भलं झालंय, असं त्याने तिन्ही वेळा विचारलं होतं.

जिन्याच्या पायथ्याशी मार्लिस खुर्चीत बसली होती. गुडघ्यांपायी चार वर्षांत ती तळघरात उतरली नव्हती. आज नवऱ्याचा हात न घेता, पायरीपायरीवर थांबत उतरली, कारण हा डबा भाचीकडून तिनेच बांधून घेतला होता.

तिला एकच टेप ऐकायची होती. लग्नाआधी आर्विडने चर्चमध्ये तिचा पियानो टेप केला होता, ती. त्या वादनाच्या मधेच बंदराबाहेर पडणाऱ्या तिच्या बाबांच्या बोटीने भोंगा दिला, असं तिचं म्हणणं. तीन लांब, दोन आखूड. टेकडीवर खलाशाचं घर दिसलं, की कप्तान अशी सलामी द्यायचा आणि घरचे पोर्चचा दिवा तसाच लावून विझवून उत्तर द्यायचे. त्या दिवशी या घरातून, म्हणजे तिच्या माहेरातून, उत्तर गेलं नव्हतं. उत्तर देणारी पियानोवर होती. बाबा त्या फेरीवरून परत आले नाहीत.

टेपवर भोंगाबिंगा काही नाही, असं आर्विड तेव्हापासून सांगत होता. आणि त्याच्या कानापुढे या घरात कुणाचं चालायचं नाही.

"आज नाही ऐकू आला, तर पुन्हा विषय काढणार नाही," मार्लिस म्हणाली. "माझ्या मनाचे खेळ होते, असं समजेन."

"होतेच. मी तिथे हजर होतो, मार्लिस. हेडफोन लावून, माझ्याच अँप्लिफायरवर ऐकत होतो."

आणि मेलेल्याला उठवावं म्हणून त्याने आवाजाचं बटण उजवीकडे पार फिरवलं. ग्वेनने झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"मामा! स्पीकर फाटतील दोन्ही! गप्प आहे म्हणजे बंद आहे, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

तिने बटण मागे आणलं. टेपवरून उतरवून घेतलेलं वादन सुरू केलं.

आधी टेपची सरसर आली. मग बाकाची करकर. मग पेडलवर पाय ठेवल्याचा मऊ आवाज. आर्विड अर्धवट बसायला निघाला होता, तो तसाच राहिला. ही टेप त्याने शेकडो वेळा ऐकली होती आणि त्यात पाय नव्हता. आता समोरच्या भिंतीशी एक मुलगी येऊन बसली होती. पहिला सूर पडला.

स्तोत्राचं दुसरं कडवं संपलं. मुलीने बोटं उचलली नाहीत. सूर विरत विरत गेला.

त्याच्या खाली, खूप लांबून, खर्जात काहीतरी उठलं. लांब. पुन्हा लांब.

"बाहेर बोट आहे," आर्विड पटकन म्हणाला.

तिसराही लांबच आला.

"मामा," ग्वेन हळूच म्हणाली, "फेब्रुवारी आहे. सगळं बंदर गोठलंय."

त्याने तळघराच्या बारक्या खिडकीकडे पाहिलं. काचेच्या निम्म्यापर्यंत बर्फ चढलेला. मार्च संपेपर्यंत एकही बोट हलणार नव्हती.

दोन आखूड. मग पियानो पुढे निघाला.

मार्लिस रडली नाही. ताठ बसून ऐकत राहिली, शाळेत बक्षिसाला नाव पुकारल्यावर पोरी बसतात तशी. वादन संपलं. डबा पुन्हा इतका गप्प झाला, की तिघांचे श्वास ऐकू येऊ लागले.

आर्विडने कोपऱ्यातल्या आपल्या जडशीळ अँप्लिफायरकडे पाहिलं. त्या घूंचा सूर आणि त्या भोंग्याचा सूर एकच होता; घूंखाली भोंगा बुडून गेला होता. एवढ्या वर्षांत ते त्याला आज कळलं.

"मीच होतो," तो म्हणाला. "तुझे बाबा हाक मारत होते आणि मी मधे उभा होतो."

"असू दे," मार्लिस म्हणाली.

तो जिना चढू लागला. कॉफी आणायला निघाला असेल, असं ग्वेनला वाटलं. त्याची पावलं स्वयंपाकघर ओलांडून समोरच्या दाराकडे गेली आणि थांबली.

मग वरून, भरदुपारी, पोर्चच्या दिव्याचं जुनं बटण वाजलं. खट, आणि बऱ्याच वेळाने खट. मार्लिसची बोटं खुर्चीच्या हातावर मोजू लागली. तीनदा सावकाश. दोनदा भरभर.